९९.९ टक्क्यांच्या मालकांना

मा. अनुराधाताई देसाई, व्यंकटेशराव आणि बालाजीराव यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचं गाव आहे आणि त्या गावात ब्लॅकबर्न रोव्हर्स नावाचा तुमचा एक फुटबॉल क्लब आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये तुम्ही तो घेतला होता. सहज आठवण करून दिली. अंडी, पिल्लं, खाद्य, लसी, औषधं असा तुमचा पसारा मोठा. त्यात एखादी वस्तू कुठे ठेवली हे विसरायला होतं.

त्या गावचे लोक तुम्हाला गेली कित्येक वर्षं इंग्रजीत लिहितायत. निवेदनं झाली, फलक झाले, घोषणा झाल्या. एकदा तर क्लबच्या स्थापनेचं साल १८७५ म्हणून प्रेक्षक अठराव्या मिनिटाला आत आले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून चालते झाले. इतकं हिशेबी रुसणं आपल्या पुण्यातही सहसा पाहायला मिळत नाही. तरी तुमच्याकडून उत्तर नाही. म्हटलं, मराठीत लिहून बघावं. सिंहगड रस्त्यावरच्या व्यंकटेश्वरा हाउसमध्ये आवक-जावक बघणारं कुणीतरी मराठी माणूस असेलच. तो निदान पाकीट फोडेल.

एक शब्द आधीच देतो. या पत्रात कोंबडीवर विनोद नाही. इंग्लंडच्या प्रेक्षकांनी ते सगळे करून संपवलेत, आणि खरं सांगायचं तर त्या धंद्यात तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. तुमचे वडील डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला उद्योग आज देशातल्या सर्वांत मोठ्या कुक्कुटपालन उद्योगांपैकी एक आहे. त्यांचं त्याहून मोठं काम म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंड्याचा भाव व्यापारी ठरवत होता आणि ज्याच्या खुराड्यात अंडं पडलं त्याला विचारत कुणी नव्हतं. रावसाहेब गावोगाव फिरले, शेतकऱ्यांना एकत्र केलं, म्हणाले, आपल्या मालाचा भाव आपण जाहीर करायचा. त्या समितीची अंड्याची जाहिरात पाठ नसलेला माणूस या देशात सापडणं कठीण. ज्याच्या जिवावर धंदा चालतो त्याला त्या धंद्यात आवाज हवा, ही गोष्ट तुमच्या घरातच शिकवली गेली आहे. म्हणून तर राग जास्त येतो.

आता तुम्ही काय विकत घेतलंत ते पाहू. म्हणजे तेव्हा पाहायचं राहून गेलं असेल तर.

ब्लॅकबर्न आणि आपलं नातं तुमच्या चेकबुकाहून जुनं आहे. हे गाव कापडाचं. इथले माग हिंदुस्थानासाठी धोतरं विणायचे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कमरेला गुंडाळलेलं धोतर ब्लॅकबर्नचं असण्याची शक्यता बरीच. १९०५ साली याच पुण्यात सावरकरांनी विलायती कापडाची होळी केली. पुढे बहिष्काराचे चटके लँकेशायरच्या कामगारांना बसले, तेव्हा १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी मुद्दाम त्यांना भेटायला गेले, ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये. ज्यांचं काम आपल्या चळवळीनं गेलं त्यांच्या घरी जाऊन बसायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. प्रवास तेव्हा बोटीचा होता. आज विमानं आहेत. असो.

कापड गेलं, गाव उरलं, आणि गावात क्लब उरला. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा रोव्हर्स तिथे होता आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही होता. दोन्हींच्या जन्माला हजर असलेले क्लब जगात तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हा. सहा वेळा एफए कप. सव्वा लाखाच्या आसपासच्या वस्तीच्या गावात ३१ हजारांवर माणसं बसतील असं ईवुड पार्क स्टेडियम. आणि जॅक वॉकर. हा गावचाच माणूस, पोलादाच्या व्यापारात पैसा केला, धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि ते पैसे लहानपणापासून ज्या संघासाठी जीव टाकला त्याच्यात ओतले. केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, ॲलन शिअररला आणलं. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर हरला आणि तरी विजेता ठरला, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत रोखलं होतं. पैशानं विजेतेपद विकत घेतलं, असं तेव्हाही लोक म्हणाले. खरंच घेतलं. पण घेणारा माणूस स्टँडमध्ये बसून रडत होता. २००० मध्ये वॉकर गेले. त्यांचा पुतळा स्टेडियमबाहेर आहे. तुमचाही व्हावा अशी इच्छा असेल, तर गावकऱ्यांच्या सध्याच्या मनःस्थितीत हा विषय काढू नये, ही विनंती.

तर असा क्लब तुम्ही २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. शिवाय डोक्यावरचं सुमारे दोन कोटींचं कर्ज. भाग ९९.९ टक्के. उरलेले ०.१ टक्के जुन्या किरकोळ भागधारकांकडे राहिले. त्यांनी आता ते चौकटीत लावून भिंतीवर टांगायचे. कागदावर मालक म्हणून नाव लागलं व्यंकीज लंडन लिमिटेड या कंपनीचं, आणि त्या कंपनीची दोरी पुण्यात.

घेतल्यावर महिनाही पुरा झाला नव्हता. १३ डिसेंबरला तुम्ही व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइसना काढलंत. संघ तेव्हा प्रीमियर लीगमध्ये तेराव्या क्रमांकावर होता. ॲलर्डाइसचा फुटबॉल बघून कुणी कविता लिहिली नसती हे मान्य. पण त्यांचा संघ बुडत नाही, ही त्यांची ख्याती होती. तुम्हाला चौथा-पाचवा क्रमांक हवा होता. महत्त्वाकांक्षा थोर. वर्तमानपत्रांत रोनाल्डिन्यो, बेकहॅम अशी नावं येऊ लागली, मॅराडोनाला व्यवस्थापक करणार असंही छापून आलं. प्रत्यक्षात नेमणूक झाली स्टीव्ह कीन यांची, जे त्याच संघाच्या प्रशिक्षकवर्गात होते आणि ज्यांनी त्याआधी एकही संघ स्वतः चालवला नव्हता. आता योगायोग बघा: खरेदीच्या वेळी सल्ला देणाऱ्या मंडळींत खेळाडूंचा एक एजंट होता, कीन यांचा एजंटही तोच, आणि पुढे त्या एजंटच्या मुलालाही रोव्हर्सनं करारबद्ध केलं. बेकायदा काहीच नाही. आपल्याकडे गावच्या सोसायटीत असं झालं तर लोक फक्त गालात हसतात.

क्लब नीट चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स २०११ च्या फेब्रुवारीत गेले. त्या उन्हाळ्यात फिल जोन्स हा गुणी पोरगा मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. त्याच वर्षी रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत, अशी तुमच्या उत्पादनाची जाहिरात निघाली आणि ऑक्टोबरात संघ पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला बालेवाडीला आला. पुण्याला प्रीमियर लीगचा संघ घरबसल्या पाहायला मिळाला, त्याबद्दल पुणेकर म्हणून आभार. ब्लॅकबर्नला मात्र तो संघ फार दिवस पाहायला मिळाला नाही. ७ मे २०१२ रोजी विगननं ईवुड पार्कवर येऊन एक गोल केला आणि रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्याच सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. विनोद करणार नाही असा शब्द दिलाय, म्हणून फक्त नोंद करतो.

पुढचा मोसम तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा. सप्टेंबरात कीन गेले. १९९५ च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग आले आणि दहा सामन्यांनंतर, ५७ दिवसांत, गेले. त्यांचा करार तीन वर्षांचा होता. करारातली रक्कम द्यावी लागेल हे क्लबनं आधी मान्य केलं आणि मग भूमिका बदलून म्हटलं की, आमच्या व्यवस्थापकीय संचालकांना असा करार करायचा अधिकारच नव्हता. आपल्याच नेमलेल्या माणसाच्या सहीची किंमत आपणच न्यायालयात शून्य ठरवायची! न्यायाधीशांना ते पटलं नाही. साडेबावीस लाख पौंड बर्ग यांना द्यावे लागले. भागाकार करून पाहिला तर दिवसाला ३९ हजार पौंड पडतात. त्यांच्यानंतरचे मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले, म्हणजे प्रगती होती. या सगळ्या काळात क्लबमध्ये ‘जागतिक सल्लागार’ असंही एक पद होतं. जगाला काय सल्ला मिळाला ते कळलं नाही, पण २०१३-१४ या एका वर्षाचा तोटा चार कोटी पौंडांच्या वर गेला आणि २०१४ च्या डिसेंबरात खेळाडू विकत घेण्यावर बंदी आली. २०१७ मध्ये, शेवटचा सामना जिंकूनही, गोलफरकावर रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा क्लब इतका खाली जाण्याची ही पहिलीच वेळ. इतिहासात नाव लागलं. तुमचंही.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की, हे लोक क्लब लुटून खायला आले होते. नाही हो. तसं असतं तर पत्र लिहिणं किती सोपं होतं! तिथून जवळच बरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा. तो एकानं २०१८ मध्ये एका पौंडाला घेतला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगनं त्याला बाहेर काढलं. एक पौंड, म्हणजे चहाचेसुद्धा पैसे नाहीत. तुम्ही त्या पंथातले नव्हेत. तुम्ही पैसे घातलेत. भरपूर घातलेत. इंग्लंडची वर्तमानपत्रं आजवरचा आकडा दोनशे दशलक्ष पौंडांच्या वर सांगतात, आणि मला तो खोटा मानायचं कारण दिसत नाही. पगार थकले नाहीत, वीज तोडली नाही, स्टेडियम बिल्डरला दिलं नाही. कर्जावर व्याजसुद्धा लावलं नाही तुम्ही. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांची खरी पंचाईत इथेच आहे. चोराला हाकलता येतं; पैसे देणाऱ्याला कसं हाकलायचं?

हा हिशेब जरा सावकाश बघू या, कारण क्लब विकत घेणं म्हणजे काय हे आपल्याकडे आयपीएलमुळे भलतंच समजलं गेलं आहे. आयपीएलच्या संघाला टीव्हीचा वाटा घरपोच येतो आणि हरला तरी संघ खालच्या वर्गात जात नाही. इंग्लंडमध्ये जातो. वर प्रीमियर लीग, तिथे टीव्हीचा पैसा अमाप. खाली चॅम्पियनशिप, तिथे त्याचे शिंतोडे. वर जायच्या आशेनं खालचा प्रत्येक क्लब ऐपतीबाहेर पगार देतो. कित्येकांचे नुसते पगारच वर्षाच्या उत्पन्नाहून जास्त असतात. ही तूट कोण भरणार? मालक. रोव्हर्सच्या बाबतीत तुम्ही वर्षाला साधारण दीड-दोन कोटी पौंड भरत आलात. हे पैसे देणगी म्हणून येत नाहीत. मालक कंपनीचं कर्ज म्हणून येतात, आणि कर्ज फार फुगलं की अधूनमधून त्यातल्या काही रकमेचे नवे शेअर होतात. म्हणजे भागधारकही तुम्ही, सावकारही तुम्ही. उद्या तुम्ही ते कर्ज परत मागितलंत तर क्लब त्याच दिवशी दिवाळखोर. मागितलं नाहीत तर क्लब कायमचा तुमच्या हातात. नवा कुणी घ्यायला आला तर त्यालाही आधी तुमच्याशीच या कर्जाचं काय करायचं ते बोलावं लागणार. हे तुम्ही मुद्दाम रचलंत असं मी म्हणत नाही. इंग्लंडातल्या कित्येक क्लबांचं असंच आहे. पण याचा अर्थ असा की, तुम्ही दिलेल्या प्रत्येक पौंडाबरोबर तुमच्याशिवाय या क्लबचं जगणं थोडं थोडं अशक्य होत गेलं. उपकाराची ही रीत नवीन नाही; मराठी नाटकांत असा एक काका असतो.

त्यात लीगचा नियम असा की, तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांहून जास्त तोटा करायचा नाही. मालक कितीही द्यायला तयार असला तरी नाही. मग तुम्ही ब्रॉकहॉलचं प्रशिक्षण केंद्र क्लबकडून तुमच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांना विकलंत. एका खिशातलं दुसऱ्या खिशात, मधे पावती. तुम्ही एकटेच असं करणारे नव्हेत. डर्बी, रेडिंग आणि शेफिल्ड वेन्सडे यांच्या मालकांनी तर अख्खी स्टेडियम स्वतःला विकली. पुढे डर्बी २०२१ मध्ये आणि शेफिल्ड वेन्सडे २०२५ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेले. मालकानं क्लब विकून जावं म्हणून रेडिंगचे लोक मैदानात उतरले. सोबत चांगली निवडलीत. आणि ब्रॉकहॉलची काही जमीन घरबांधणीला काढायची योजनाही मध्यंतरी पुढे आली होती. वॉकर यांनी पोरांनी खेळावं म्हणून उभं केलेलं केंद्र ते. विरोध झाला, योजना मागे पडली. घरं बांधायची हौस असेल तर सिंहगड रस्ता काय कमी पडला?

आता दिल्ली. परकीय चलनाच्या कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाली, आणि क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि त्याबरोबर बँकेची हमी, अशी वेळ आली. चौकशी म्हणजे निकाल नव्हे, आणि त्या प्रकरणात कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. मुद्दा वेगळा आहे. लँकेशायरमधल्या एका गावाचा मधल्या फळीतला खेळाडू जानेवारीत येणार की नाही, हे दिल्लीच्या कोर्टात पुढची तारीख कधी लागते यावर ठरू लागलं. तारीख पे तारीख काय असते हे आपल्याला जन्मापासून माहीत. बिचाऱ्या ब्लॅकबर्नकरांना पन्नाशी-साठीत शिकावं लागलं. त्यांच्या पबमध्ये आता ‘रजिस्ट्री’ आणि ‘ॲडजर्नमेंट’ हे शब्द चालतात म्हणे. भारतीय संस्कृतीचा प्रसार तो हाच.

पैसे अडल्यावर क्लब बऱ्याच अंशी खेळाडू विकून चालू लागला. ॲडम व्हार्टन. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहा वर्षांचा असल्यापासून याच क्लबच्या अकादमीत वाढलेला. १९ व्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तो क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ८० लाख पौंडांना गेला; वर काही अटींचे पैसे. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. विकायला हरकत नव्हती, असा पोरगा फार दिवस थांबणारच नव्हता. पण आलेल्या पैशातून नवं काय उभं राहिलं, हे विचारायचं कुणाला? त्याच मोसमात लीगमध्ये २७ गोल करणारा सॅमी स्मोडिक्स पुढच्या ऑगस्टमध्ये इप्सविचला गेला. त्याआधी २०२३ मध्ये बेन ब्रेरेटन डियाझ, ज्याच्यावर लाखो पौंड खर्च झाले होते, करार संपू दिल्यामुळे फुकट निघून गेला होता. फुकट! आपल्याकडे जुनं वर्तमानपत्रसुद्धा रद्दीवाल्याला असं देत नाहीत.

आणि खरेदीचं काय? २०२३ च्या जानेवारीत शेवटच्या दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुइस ओब्रायन येणार होता. कागद वेळेत गेले नाहीत. २०२४ च्या जानेवारीत ओर्लँडोहून डंकन मग्वायर येणार होता; पोरगा अमेरिकेहून विमानानं येऊन पोचला. कागदात घोळ, व्यवहार रद्द. सलग दोन वर्षं! पुण्यातल्या कुठल्याही कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला टायपिस्ट घ्या, त्यानं हे अर्ज चहा प्यायच्या आत बिनचूक भरून दिले असते. ओब्रायनचं प्रकरण घडलं त्याच २०२२-२३ मोसमात, तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये पोचलेला रोव्हर्स सातवा आला आणि पहिल्या सहांतली जागा, म्हणजे प्रीमियर लीगच्या दारात उभं राहायची संधी, गोलफरकावर हुकली. २०२५ च्या फेब्रुवारीत संघ पहिल्या सहांच्या आसपास असताना व्यवस्थापक जॉन यूस्टेस उठून डर्बीला गेले. डर्बी तेव्हा तळाशी गटांगळ्या खात होता. वर चढणारी गाडी सोडून बुडणाऱ्या बोटीत माणूस कधी उडी मारतो, याचा विचार मालकांनी निवांत बसून करावा. त्या वर्षीही रोव्हर्स सातवाच आला.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यांत लागते. २०२२ मध्ये इंग्लंडच्या महिलांनी युरो जिंकला. त्या संघातल्या कीरा वॉल्श, एला टून आणि जॉर्जिया स्टॅनवे तिघीही घडल्या त्या ब्लॅकबर्नमध्ये. २०२५ मध्ये महिलांच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायला लागणारा वाढीव खर्च करायला क्लब तयार झाला नाही आणि रोव्हर्सच्या मुलींचा संघ आपण होऊन खालच्या श्रेणीत गेला. त्या हरल्या नव्हत्या. पुरुषांच्या संघातल्या एका बऱ्या खेळाडूच्या पगारापुढे तो खर्च काही मोठा नव्हता. दोनशे दशलक्षांच्या हिशेबात ही ओळ कुठल्या पानावर आहे ते एकदा शोधून ठेवा, कुणी तरी विचारेल.

कुणी म्हणेल, पैसे देतात ना, मग सामन्याला आलेच पाहिजेत असं कुठे आहे? तुम्ही बरीच वर्षं ईवुड पार्कवर फिरकला नाहीत. सुरुवातीला आलात, बर्फाचे गोळे, शिव्या, फलक असं स्वागत झालं. कुणालाही नकोसं वाटेल. पण पुण्यातल्या वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा अध्यक्षसुद्धा वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत येऊन शिव्या खातो. गळकी टाकी, लिफ्टचा खर्च, जिन्यातल्या चपला. सगळं ऐकतो, उत्तरं देतो, चुकीची देतो, पण देतो. सभेला न येणाऱ्या अध्यक्षानं देखभालीचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून केला तरी लोक त्याच्याबद्दल जिन्यात बोलायचे थांबत नाहीत. ब्लॅकबर्नचा जिना फार लांब आहे आणि तुम्ही वरच्या मजल्यावर दार लावून बसला आहात.

जर्मनीत, काही अपवाद सोडले तर, क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांचा हक्क सभासदांकडेच ठेवावा लागतो. पैसेवाल्यानं कितीही ओतलं तरी. इंग्लंडात तसं नाही. पण त्यांच्या संसदेनं २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा केलाय आणि स्वतंत्र नियामक बसवलाय. क्लबला परवाना लागेल, चाहत्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, मालक लायक आहे का हे आधीपासून बसलेल्या मालकालाही विचारता येईल, आणि नियामकाच्या परवानगीवाचून स्टेडियम विकता येणार नाही. म्हणजे जे तुम्ही आपखुशीनं करायला हवं होतं ते आता सरकारी कागदावर सही करून करायचं. कागद वेळेत पाठवा, एवढंच म्हणेन.

तर मागणं मोठं नाही. विकायचा असेल तर आकडा सांगा. कर्जाचं काय करणार तेही त्याच कागदावर लिहा: माफ, अर्धं माफ, की नव्या मालकाच्या गळ्यात. बाजारात उभं राहिल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? विकायचा नसेल तर चाहत्यांच्या निवडून आलेल्या दोन माणसांना संचालक मंडळात जागा द्या, आणि क्लबचं नाव, निळा-पांढरा रंग आणि ईवुड पार्क यांना त्यांच्या संमतीशिवाय हात लागणार नाही असं लिहून द्या. त्याला पैसे लागत नाहीत. दिल्लीची परवानगीही लागत नाही. ब्लॅकबर्नकरांना विजेतेपद नको आहे. ते त्यांनी १९९५ मध्ये जिंकून झालंय. त्यांना जानेवारीत कोण येणार आणि कोण जाणार हे विचारायला एक माणूस हवाय, ज्याला उत्तर माहीत असेल. शेतकऱ्याला अंड्याचा भाव ठरवू देणाऱ्या घरातून एवढी अपेक्षा केली तर जास्त होते का?

कळावे, लोभ असावा.

आपला,
सिंहगड रस्त्यावरून रोज जाणारा एक पुणेकर

ता. क. : ईवुड पार्कला जायचं मनात आलंच, तर रोव्हर्स आणि त्यांचा शेजारचा हाडवैरी बर्नली यांच्या सामन्याचा दिवस टाळा. त्या दिवशी प्रेक्षकांना शिव्या द्यायला दुसरं कुणीतरी असतं, तुमच्याकडे पुरेसं लक्ष देता येणार नाही.